कापिलेइरा गाव नेमकं कुणाचं?

प्रश्न असा आहे : सप्टेंबरात स्पेनमधल्या ग्रानाडाला जायचं ठरलंय, आल्हाम्ब्रा राजवाडा पाहून झाल्यावर दोन दिवस सिएरा नेवाडाच्या दक्षिण उतारावरच्या कापिलेइरा गावात राहायचा विचार आहे. एकीकडे वाचायला मिळतं की हे मूरांचं, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या मुसलमानांचं गाव, दुसरीकडे असं की मूरांना हाकलून स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियाच्या लोकांनी ते नव्यानं वसवलं. खरं काय? आणि पांढऱ्या भिंतींचे फोटो काढण्यापलीकडे तिथे पाहण्यासारखं काही आहे का?

आहे, भरपूर आहे. आधी माझं नातं सांगतो, म्हणजे मी कुठल्या बाजूनं बोलतोय ते कळेल. मी मातीच्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो. लहानपण बार्शीकडच्या माळवदाच्या घरात गेलं. पुढे या कामाच्याच निमित्तानं पोकेइरा नदीच्या घळीत चार हंगाम राहिलो आणि तिथल्या गवंड्यांच्या हाताखाली छपरं केली. त्यामुळे गावाचा इतिहास मला आधी छपरावर भेटला आणि मग कागदावर.

पोकेइराच्या घळीत एकाच उतारावर, एकाखाली एक, अशी तीन गावं आहेत. खाली पाम्पानेइरा, मध्ये बुबिओन आणि सगळ्यात वर, साधारण 1,436 मीटरवर, कापिलेइरा. कापिलेइराची वस्ती सहाशेच्या आतबाहेर. डोक्यावर मुलासेन शिखर आहे, 3,479 मीटर, आयबेरियन द्वीपकल्पातलं सर्वात उंच. ग्रानाडाचा शेवटून दुसरा सुलतान अबुल हसन, ज्याला स्पॅनिश लोक मुले आसेन म्हणत, त्याच्या नावावरून या शिखराचं नाव पडलं. त्याला तिथेच पुरलं अशी दंतकथा आहे. या सगळ्या डोंगरपट्ट्याला आल्पुखार्रा म्हणतात. वर बर्फ असतं आणि स्वच्छ दिवशी उंचावरून दक्षिणेला समुद्र दिसतो. हवा चांगलीच मोकळी असेल तर त्यापलीकडे आफ्रिकेचे डोंगरही.

आता इतिहास. 2 जानेवारी 1492 ला मूरांचं ग्रानाडा ख्रिस्ती राजा-राणीच्या हाती पडलं. शरणागतीचा करार त्याआधी, 1491 च्या नोव्हेंबरात झाला होता. त्यात शेवटचा सुलतान बोआब्दिल याला आल्पुखार्राचे परगणे तोडून दिले होते आणि त्या यादीत पोकेइराचं नाव आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण गावात कुणीही तुम्हाला सांगेल की ही ‘एइरा’नं संपणारी नावं गॅलिसियाच्या लोकांनी आणली. कानाला ते पटतं, कारण गॅलिसियात अशी नावं पैशाला पासरी आहेत. पण ते वसाहतकरी आले करारानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, आणि नाव तर आधीच कागदावर होतं. ही नावं अरबीच्याही आधीच्या लॅटिनच्या लेकी आहेत. पाम्पानेइरा हे द्राक्षवेलीच्या पानाला जो लॅटिन शब्द आहे त्याच्यावरून आलंय. म्हणजे इथे वेल लावणारे लोक अरबी बोलणाऱ्यांच्याही आधी होते आणि नंतर आलेल्यांनी गावांची नावं बदलली नाहीत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

बोआब्दिल 1493 मध्ये मोरोक्कोला निघून गेला. करारात मुसलमानांना धर्म, भाषा, कायदा राखू देण्याचं वचन होतं. ते दहा वर्षंही टिकलं नाही. 1499 पासून सक्तीनं बाप्तिस्मे सुरू झाले आणि या लोकांना ‘मोरिस्को’ हे नाव मिळालं. नावापुरते ख्रिस्ती, घरात मात्र जुनंच सगळं. 1567 च्या फर्मानानं अरबी बोलणं, जुना पोशाख, जुनी नावं, हमामखाने, सगळ्यावर बंदी आली. 1568 च्या नाताळात आल्पुखार्रा पेटलं. फेर्नांदो दे वालोर नावाच्या तरुणाला बंडखोरांनी आबेन उमेया या नावानं राजा केलं. बंडखोरांनी गावोगावचे पाद्री आणि जुने ख्रिस्ती मारले. राजाच्या फौजेनं गावं लुटली, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. 1569 च्या जानेवारीत जवळच्या खुबिलेस गावात शरण आलेल्या बायकांची एका रात्रीत कत्तल झाली. त्याच महिन्यात राजाचा सेनापती, मोन्देखारचा मार्केस, याची फौज पोकेइराच्या घळीत शिरली. आबेन उमेयाला त्याच्याच माणसांनी मारलं. त्याच्यानंतरचा आबेन आबू 1571 च्या मार्चमध्ये याच डोंगरातल्या एका गुहेत मारला गेला आणि बंड संपलं.

त्याआधीच, 1570 च्या हिवाळ्यात, स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याच्या हुकमानं ग्रानाडा राज्यातल्या मोरिस्कोंना उचलून कास्तिया, ला मांचा, एस्त्रेमादुरा इकडे पायी नेण्यात आलं. ऐंशी हजारांच्या आसपास माणसं होती. थंडीनं, उपासमारीनं, तापानं वाटेत किती मेले याला हिशेब नाही. कापिलेइराची घरं रिकामी झाली. चुली थंड, तुतीच्या झाडांचा पाला तोडायला कुणी नाही. तुती म्हणजे या डोंगराची रोजीरोटी होती, आल्पुखार्राचं रेशीम दूरदूर जायचं.

मग राजाचे अधिकारी आले. त्यांनी गावागावात बसून नोंदी केल्या : घरं किती, पडकी किती, तुती किती, चेस्टनट किती, गिरण्या कुठे, कोणत्या शेताला कोणत्या चारीचं पाणी आणि कोणत्या दिवशी. या दप्तराला ‘आपेओ’ची बही म्हणतात. आपल्याकडच्या पाहणीखात्याच्या जुन्या बाडांची आठवण व्हावी असं ते काम आहे. त्यानंतर जमिनीचे हिस्से पाडून नव्या वसाहतकऱ्यांना चिठ्ठ्या टाकून वाटले. हिश्श्याला शब्द होता ‘सुएर्ते’. आजच्या स्पॅनिशमध्येही सुएर्ते म्हणजे नशीब. सगळ्या ग्रानाडा राज्यात मिळून सुमारे 270 गावांत साडेबारा हजार कुटुंबं आणून बसवली गेली. त्यात गॅलिसियाचे होते, अस्तुरियासचे, लेओनचे होते, पण पुष्कळसे अंदालुसियातल्याच खाएन, कोर्दोबा अशा भागांतून आलेले होते. तेव्हा ‘गॅलिसियाच्या लोकांनी वसवलेलं गाव’ हे तोकडं वाक्य आहे.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. इथे माणसं जवळजवळ पूर्ण बदलली. भाषा बदलली, देव बदलला, ताटातलं बदललं. डुकराचं मांस जिथे वर्ज्य होतं तिथे आज शेजारच्या त्रेवेलेस गावचं वाळवलेलं हॅम सगळ्या स्पेनमध्ये नावाजलं जातं. पण दोन गोष्टी बदलल्या नाहीत : छप्पर आणि पाणी. कारण या दोन्ही गोष्टी धर्मावर चालत नाहीत, डोंगरावर चालतात.

छप्पर आधी. सगळ्या स्पेनभर कौलं, आणि आल्पुखार्रात घरं सपाट धाब्याची. त्याला म्हणतात ‘तेर्राओ’. ज्यानं माळवद पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. भिंती दगडाच्या, हातभर आणि जास्तच जाड. त्यावर चेस्टनटच्या तुळया. तुळईची लांबी जितकी मिळते तितकीच खोलीची रुंदी, म्हणून घरं अरुंद आणि जास्त खोल्या हव्या तर शेजारी दुसरा डबा. तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काठ्या, त्यावर पातळ स्लेटचे चपटे दगड आणि त्या सगळ्यावर ‘लाउना’. लाउना म्हणजे स्लेटसारख्या खडकाची कुजून झालेली निळसर करडी माती. मुठीत घेतली तर ती ओलसर टाल्कमसारखी सरकते आणि उन्हात धरली की अभ्रकाचे कण चमकतात.

पहिल्या हंगामात मी ती माती पाहिली आणि आमच्या पांढऱ्या मातीसारखं तिला पाणी मारून चोपायला निघालो. तिथल्या वयस्क मिस्त्रीनं माझ्या हातातली बादली काढून घेतली. लाउना कोरडीच टाकायची, हातभर नाही, वीतभर जाडीची, फावड्यानं सारखी करायची आणि सोडून द्यायची. पहिला पाऊस आला की ती फुगते, कण कणाला चिकटतात आणि थर आपोआप बंद होतो. आधीच भिजवून दाबली तर वाळताना तडकते. पावसानंतर गरज पडली तर थोडी वरून घालायची. तिच्यात गवत सहसा रुजत नाही, हा आणखी फायदा. आमच्या पांढऱ्या मातीवर श्रावणात हिरवळ उगवते ती उपटायचा वैताग इथे नाही. लाउना कृष्णपक्षात टाकावी असं तिथले जुने लोक सांगतात. मी त्याचा पडताळा घेतलेला नाही, पण ते काम सगळे ऑगस्टमध्ये, चंद्र उतरता असतानाच करायचे आणि आम्हीही तसंच केलं.

कडेला स्लेटचे दगड भिंतीबाहेर वीत-दीड वीत काढतात, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत नाही. वारा ते उचलू नये म्हणून त्यांच्यावर जड दगड ठेवतात. धुराडी गोल, पांढरी आणि त्यांच्या डोक्यावर एक फरशी, फरशीवर एक दगड. लांबून पाहिलं तर टोपी घातलेली माणसं गच्चीवर उभी आहेत असं वाटतं. बर्फ पडलं की मात्र पहाटेच लाकडी फावडी घेऊन वर जावं लागतं, नाहीतर वितळताना पाणी मुरतं. म्हणून सपाट छप्पर हे सुखासुखी निवडलेलं नाही. पण उतार एवढा तीव्र आहे की गावात सपाट जागा म्हणून एवढीच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे अंजीर, टोमॅटो, लाल मिरच्या वाळत असतात. वरच्या घराचं अंगण म्हणजे खालच्या घराचं छप्पर. दोन घरांच्या मध्ये गल्लीवर तुळया टाकून वर खोली काढलेली असते, त्या झाकलेल्या वाटेला ‘तिनाओ’ म्हणतात. बर्फात, उन्हात उभं राहून दोन शब्द बोलायची हीच जागा.

अशीच सपाट मातीची घरं मोरोक्कोच्या डोंगरातल्या बर्बर गावांत आहेत. म्हणून हे छप्पर मूरांच्या काळातून आलं असं बहुतेकजण मानतात. आता विचार करा, गॅलिसियाचा माणूस म्हणजे रोजच्या पावसातला. त्याला उतरत्या छपराखेरीज घर माहीत नाही. तो इथे आला आणि त्यानंही धाबंच केलं. का? कारण लाउना डोंगरात फुकट होती, तुळया होत्या आणि सपाट जागेची गरज होती. चर्चला मात्र कौलं चढली, आजही तिन्ही गावांत कौलारू छप्पर वर उठून दिसतं ते देवळाचंच. कुणाकडे पैसा आणि सत्ता होती हे यावरून सरळ वाचता येतं.

पाण्याची गोष्ट याहून मोठी. सिएरा नेवाडावर उन्हाळ्यात पाऊस जवळपास नाही. बर्फ एप्रिल-मेमध्ये धो-धो वितळतं आणि शेताला पाणी हवं असतं जुलै-ऑगस्टमध्ये. धरण नाही. मग पाणी ठेवायचं कुठे? या लोकांनी ते डोंगरात ठेवलं. वर, दोन हजार मीटरच्या आसपास, ओढ्यातून मातीच्या चाऱ्या काढल्या. चारीला शब्द ‘असेकिया’, मूळ अरबी. बर्फ वितळू लागलं की या चाऱ्यांतून पाणी कडेकडेनं न्यायचं आणि जिथे खडक फुटलेला, जमीन मुरमाड आहे तिथे मुद्दाम सोडून द्यायचं. याला ‘कारेओ’ म्हणतात. चारीला अस्तर नाही, वाटेतही ती गळते आणि ती गळावी हाच हेतू. पाणी खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरतं आणि आठवड्यांनी, काही महिन्यांनी, खाली झरे होऊन निघतं, नेमकं शेताला हवं तेव्हा. गावकरी याला ‘पाणी पेरणं’ म्हणतात. आपल्याकडे पाणी अडवा पाणी जिरवा म्हणत आपण जे करू पाहतो, ते या डोंगरात शेकडो वर्षं बिनबोभाट चालू आहे.

खालच्या चाऱ्या शेताच्या. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या, कुणाला कोणत्या दिवशी किती तास. धुळ्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली त्यांना पाटकरी आठवेल, तसा इथे ‘असेकिएरो’. तो खोरं खांद्यावर टाकून मैलोन् मैल चारीच्या कडेनं चालतो, उंदरांनी पाडलेली भोकं गवताच्या ढेकळांनी बुजवतो, दगड हलवून पाणी इकडचं तिकडे करतो. पाण्याचा तंटा सोडवायला पाण्याचा वेगळा आल्काल्दे असायचा. आल्काल्दे हा शब्द म्हणजे आपला काझीच, अरबी ‘अल-कादी’.

मोरिस्कोंना हाकललं तेव्हा ही विद्या कुणाकडे होती? गावात सांगतात की प्रत्येक ठिकाणी दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली, नवीन लोकांना पाणी आणि रेशीम शिकवायला. ही गोष्ट प्रत्येक गावात तशीच घडली असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आपेओच्या नोंदी करताना जमिनीची आणि पाण्याची माहिती असणाऱ्या जुन्या माणसांना सोबत घेतलं होतं, आणि चाऱ्या थांबल्या नाहीत, एवढं उघड आहे. ज्यांना ग्रानाडा राज्याबाहेर काढायचं ठरलं होतं त्यांच्याच तोंडून पाण्याच्या पाळ्या उतरवून घेतल्या गेल्या. ते पान मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी माझ्यानं काम झालं नाही.

नंतरची जवळजवळ चारशे वर्षं मी भरभर सांगतो. रेशीम गेलं, चेस्टनट, राय नावाचं धान्य, बटाटा, मेंढ्या आणि खेचरं राहिली. गरिबी पुष्कळ होती. विसाव्या शतकाच्या मध्यात वरच्या अंगाला जलविद्युत केंद्र झालं. तिथल्या कामगारांसाठी ला सेबादिया नावाची वस्ती बांधली होती, ती आज ओस आहे. 1950 नंतर माणसं बार्सिलोनाला, जर्मनीला, नंतर किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकखालच्या भाजीच्या शेतांवर गेली. घरं बंद पडली आणि माळवदाचं जे होतं तेच तेर्राओचं झालं : वर चढून हात फिरवणारं माणूस नसेल तर दोन हिवाळ्यांत पाणी तुळईपर्यंत पोचतं.

1982 मध्ये पोकेइराच्या घळीला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण मिळालं, 1999 मध्ये सिएरा नेवाडा राष्ट्रीय उद्यान झालं. पर्यटक आले, इंग्लंड-जर्मनीकडचे लोक घरं घेऊन राहिले. घळीच्या पलीकडच्या कड्यावर 1980 मध्ये लामा थुबतेन येशे यांनी तिबेटी ध्यानकेंद्र स्थापन केलं, दलाई लामा तिथे 1982 मध्ये येऊन गेले. संरक्षणानं गावाचा चेहरा वाचला हे खरंच. पण नियम दिसण्यापुरता. पुष्कळ छपरांवर आता खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यावर डांबरी कागद आणि दिसायला वरून लाउना. मला हे मनापासून खटकतं. जुनी भिंत श्वास घेते, स्लॅब घेत नाही. हिवाळ्यात ओल कोपऱ्यात साचते आणि चुन्याचे पोपडे पडतात. खरं छप्पर ओळखायचं असेल तर गल्लीतून वर न बघता तिनाओखाली उभं राहा आणि तुळयांची पोटं बघा. वेड्यावाकड्या, धुरानं काळ्या असतील तर खऱ्या.

चाऱ्यांचंही तेच. काही ठिकाणी पाणी ‘वाया जातं’ म्हणून त्या सिमेंटच्या केल्या, पाइपात घातल्या. काही वर्षांत खालचे झरे बारीक झाले, चारीच्या कडेचे चेस्टनट वाळले. चांगली गोष्ट अशी की ग्रानाडा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ होसे मारिया मार्तिन सिवान्तोस आणि त्यांचे सहकारी स्वयंसेवक घेऊन बंद पडलेल्या असेकिया पुन्हा उकरतायत. 2014 मध्ये याच डोंगरपट्ट्यातल्या कान्यार गावची बार्खास ही असेकिया त्यांनी सुरू केली, ती तीसेक वर्षं कोरडी होती. त्यात गावातली म्हातारी माणसं पुढे होती, कारण चारी कुठून वळते हे त्यांनाच आठवत होतं.

तेव्हा गाव कुणाचं? वेल लावणाऱ्यांचं, चारी काढणाऱ्यांचं आणि रिकाम्या घरात येऊन ती चारी चालू ठेवणाऱ्यांचं. यातला एक थर काढून टाकला तर गाव समजत नाही.

आता तुमचे दोन दिवस. ग्रानाडाहून ओर्खिवामार्गे बस आहे. पहिल्या दिवशी पाम्पानेइराला उतरा. तिथल्या गल्ल्यांच्या मधोमध दगडात कोरलेल्या पन्हळीतून पाणी वाहतं ते बघा. तिथे ‘खारापा’ विणतात, जुन्या कापडाच्या चिंध्यांच्या सतरंज्या. गोधडीची सवय असलेल्या हाताला त्या लगेच ओळखीच्या वाटतील. मग बुबिओनवरून पायवाटेनं कापिलेइराला चढा. चढ सलग आहे, पण घाई केली नाही तर कुणालाही जमेल. संध्याकाळी गावाच्या वरच्या अंगाला जुनी खळी आहेत तिथे जाऊन बसा. तिथून सगळी करडी छपरं खाली एका नजरेत येतात. पांढऱ्या भिंतींचा फोटो सगळेच काढतात, तुम्ही छपरांचा काढा. शाकाहारी असाल तर ‘पापास आ लो पोब्रे’ मागा, ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेले बटाटे आणि ढोबळी मिरची. हॅम नको हे आधी सांगायला विसरू नका, नाहीतर ते वरून येतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या बाजूनं ला सेबादियाकडे चाला. वाटेत ‘बालाते’ लागतील, म्हणजे चुना-माती न घालता रचलेल्या पायऱ्याशेतांच्या ताली. सप्टेंबरात वरच्या कारेओच्या चाऱ्या कोरड्या असतात. पानं पडलेली, तळाशी तडकलेली माती, त्यामुळे त्या मोडल्या आहेत असं वाटेल. तसं नसतं. खाली येऊन गावातल्या कुठल्याही झऱ्याला बाटली लावा. ते गार पाणी पावसाचं नाही. मे महिन्यात त्याच चारीत कुणीतरी खोऱ्यानं वळवून डोंगरात सोडलेलं ते पाणी आहे, आत्ता इथे पोचतंय.